हज्जर

गाडी बंद करतोय, घाबरू नका. एवढ्या धुक्यात मी पुढे नेणार नाही, रस्ता कुठे संपतो तेच दिसत नाहीये. घरी फोन करून सांगा, काकांनी पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी उभी केलीय, धुकं विरळ झालं की निघतो म्हणावं. काचा वर घ्या. आणि मागच्या बाईसाहेब, ते गाणं जरा बंद करा.

मघाशी शाळेच्या फाटकाशी माझी टिंगल चालली होती, ऐकलं मी. काका टॉर्च मारून एकेकाचं तोंड बघतात, जसे काही आम्ही चोरच. "सगळे आलेत, चला" म्हटलं तर यांचं काय अडतं? अडतं बाबांनो. सांगतो.

तुमची मतं मला पाठ आहेत. रोज तीच ऐकतो. सकाळचा सहाचा वर्ग बंद करावा. स्वेटर निळाच का, अंगात ऊब असली म्हणजे झालं. थंडीत परीक्षा ठेवणाऱ्याला पहाटे गार पाण्याने आंघोळ घालावी. हे तर मलाही पटतं. आणि गैरहजर राहिलं की घरी मोबाइलवर मेसेज जातो, ही म्हणे हेरगिरी. त्यावरचा तुमचा तोडगाही मला ठाऊक आहे. एक झोपला की दुसरा त्याच्या नावाने आवाज देतो. हसू नका. त्याचीच गोष्ट आहे. आणि ऐकीव नाही, माझ्या सख्ख्या भाच्याची आहे.

भाच्याला वर्गात पोपट म्हणायचे. कुणाचाही आवाज हुबेहूब काढायचा. एकदा आमच्या ताईचा आवाज काढून त्याने मला फोनवरून भर दुपारी दही आणायला पिटाळलं होतं. त्याचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे कानटोपी. खरं नाव नको. आईने विणलेली तपकिरी कानटोपी, हनुवटीखाली नाडी बांधलेली, थंडी पडली की त्याच्या डोक्यावर चढायची ती उन्हाळ्यापर्यंत उतरायची नाही. कायम सर्दी. हजेरीला नाकातून म्हणायचा, "हज्जर!" वर्ग रोज हसायचा, तोही हसायचा. वडील नव्हते. आई लॉन्ड्रीत कामाला, कपडे वाळवायच्या मशीनवर. पोरगा उठायच्या आत ती घरातून निघालेली असायची.

त्यांच्या गणिताच्या सरांची एक पद्धत होती. वेळ वाचावा म्हणून फळ्यावर गणित लिहिता लिहिता, पाठमोरेच, नंबर पुकारायचे. आवाज आला की पोरगा हजर. नाही आला तर घरी मेसेज. आता पोपटाला आणखी काय हवं? कानटोपी लांबून सायकलवर यायचा, उशीर ठरलेला. पोपट आपलं नाक दाबायचा आणि "हज्जर" म्हणायचा. थोड्या वेळाने दोस्त मागच्या दाराने येऊन गुपचूप बसायचा.

त्या थंडीत एका सकाळी तो आलाच नाही. पोपटाने नाक दाबलं. शाळा भरल्यावर सरांनी पुन्हा नंबर पुकारले, तेव्हा पुन्हा दाबलं. त्याला वाटलं, पांघरुणात झोपला असेल, झोपू दे बिचाऱ्याला. दोस्तीत केलं. मनात काही वाईट नव्हतं.

पोरगा नाल्यात पडला होता. शाळेच्या रस्त्यावर नाल्यावरचा तो छोटा पूल, ती कठडा नसलेली मोरी आहे ना, तिथून सायकलसकट खाली गेला. पाय मोडला. खाली घोटाभर गार पाणी. वरून माणसं जात-येत होती, पण धुक्यात नाल्यात डोकावतो कोण? आईला मेसेज आला नाही, म्हणजे पोरगा शाळेत आहे, असं धरून ती दिवसभर चादरी वाळवत राहिली. अंधार पडल्यावर शोधाशोध झाली. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत जिवंत असावा.

दुपारपर्यंत.

पण एवढ्यावर संपलं नाही. सर म्हणाले, तो तर वर्गात हजर होता. मग लोकांनी हिशेब जुळवला. हजर होता, म्हणजे मधूनच पळाला. कुठे चालला होता? कुणी सिगारेटचं बोललं, कुणी पोरीचं. मेलेल्या पोराच्या नावाला लोकांनी काळं फासलं. त्याची आई एकटीच सांगत फिरायची, माझा मुलगा तसला नव्हता हो. आमचा पोपट हे सगळं कानांनी ऐकत होता. तोंड उघडलं नाही त्याने. आवाज काढणंही बंद झालं. आम्हाला वाटलं, दोस्त गेला म्हणून.

मग तो गुरुवार. सोमवारपासून सराव परीक्षा होती, म्हणून सरांनी संध्याकाळी जादा वर्ग ठेवला होता. ताईचा मला फोन आला. "धुकं उतरलंय रे. येताना तुझ्या भाच्याला गाडीत घालून आण. सायकल राहू दे शाळेतच." एवढंच काम. मी आपला शाळेशी गाडी लावून बसलो.

पोरं सुटली. पोपट नाही. फाटक रिकामं झालं तरी नाही. मी आत गेलो. सर फळा पुसत होते.

"हजर होता की," सर म्हणाले. "मी स्वतः हजेरी घेतली."

"तुम्ही बघितलंत त्याला?"

सर खडूची बोटं रुमालाला पुसत राहिले.

त्याच्या शेजारी बसणारा मुलगा दारात घुटमळत होता. रडवेला झाला. "मामा, मी नाही म्हटलं. शप्पथ. मागून आला आवाज."

शेवटच्या बाकावरची मुलगी दप्तर भरता भरता थांबली. "आमच्या मागे कुणीच बसत नाही," ती म्हणाली. "मागे भिंत आहे."

"आवाज पोपटाचा होता का?" मी विचारलं.

तीच मुलगी म्हणाली, "नाक चोंदल्यासारखा आवाज होता, मामा." आणि तिने तोंडावर हात धरला.

पोपटाच्या नाक दाबण्याचं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. पण त्या पोरांचे चेहरे बघून मी तिथेच मोबाइल काढला. ताईला फोन लावला. पोपट तर वर्गाच्या आधीच सायकलवर निघाला होता. घरी नाही. वर्गात नाही. आणि मधल्या सगळ्या वेळात कुणीही त्याला शोधलं नव्हतं. कारण तो हजर होता.

गाडी काढली. चालण्याच्या वेगाने निघालो. मोरीपाशी उतरलो.

टॉर्च मारली. नुसतं पांढरं.

हाक मारली.

काही नाही...

पुन्हा मारली. मग खाली चाक दिसलं. सायकलचं. सावकाश फिरत होतं. वारा नव्हता.

मी घसरत खाली गेलो. तो तिथेच होता. त्याच जागी. उजवा पाय वाकडा. ओठ निळे. पण श्वास चालू होता... चालू होता. मी त्याला छातीशी धरलं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो माझ्या मागे बघत होता.

गाडीत बोलला. तुटक तुटक.

"रस्त्यात कुणीतरी उभं होतं, मामा. हात वर करून... वर्गात करतात तसा. मी ब्रेक मारला."

"बरं. आता बोलू नको."

"मी हाका मारत होतो. कुणी आहे का... कुणी आहे का..."

"कुणी नव्हतं रे राजा."

"होतं ना."

मी समोरची काच पुसली.

"दर हाकेला ओ येत होती. अगदी कानाशी."

... मी विचारलं नाही काय ओ येत होती. त्यानेच सांगितलं.

"हज्जर."

दवाखान्यात त्याला शेकोटीजवळ धरल्यासारखं उबेत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, कान आणि डोकं झाकलेलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर अवघड होतं. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. पोराच्या डोक्यावर टोपी होती. तपकिरी. हनुवटीखाली नाडी बांधलेली, घट्ट. मी ताईला म्हटलं, बरं केलंस टोपी घातलीस ते. ताई माझ्याकडे बघतच राहिली.

"मी नाही घातली. त्याच्याकडे टोपीच नाहीये."

दुसऱ्या दिवशी पोपटाने आम्हाला सगळं सांगितलं. नाक दाबलं इथपासून. मग म्हणाला, मावशींना बोलवा, कानटोपीच्या आईला. ती आली, लॉन्ड्रीतून तशीच, हाताला साबणाचा वास. त्याने तिच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं. मला वाटलं, थोबाडीत देईल. दिली असती तरी आम्ही काही बोललो नसतो.

ती नुसतं म्हणाली, "म्हणजे तो पळाला नव्हता."

"नाही, मावशी."

"शाळेलाच निघाला होता."

"हो."

"हे वर्गात सांगशील? सगळ्यांसमोर?"

सांगितलं त्याने. कुबडीवर उभा राहून, सरांसमोर, सगळ्या वर्गासमोर. सरांनी त्या दिवसापासून पाठमोरी हजेरी बंद केली. मीही टॉर्च मारून एकेकाचं तोंड बघायला लागलो ते तेव्हापासून. कळलं का आता? तुम्ही म्हणाल, काका, कानटोपी पोपटाला न्यायला आला होता की वाचवायला? मला नाही माहीत. न्यायला आला असेल तर टोपी कशाला घातली? वाचवायला आला असेल तर तिकडे वर्गात हजेरी कशाला दिली? मी या दोन प्रश्नांत आजही अडकतो, आणि मग झोप लागत नाही.

टोपी आम्ही त्याच्या आईच्या हातात दिली. तिने उलटून पाहिली, टाके चाचपले. म्हणाली, "माझ्याच हातची आहे. त्याला शेवटचा निरोप दिला तेव्हा ही त्याच्या डोक्यावर होती, त्याच्याबरोबरच गेली. नाडी मीच बांधली होती."

मग दोन्ही हातांनी दाबली. पाणी ठिबकलं.

"ओली आहे," ती म्हणाली. "वाळवते."

याला आता तिसरी थंडी. कपडे वाळवणं हेच त्या बाईचं काम. हॉटेलांच्या जाड जाड चादरी तासाभरात कोरड्या करते ती.

धुकं हटलं बघा थोडं. चला. वळणावर तिची लॉन्ड्री लागेल, तुम्ही रोज बघता ती. आज काचेतून नीट बघा. मशीनच्या वर दोरीला एक कानटोपी लटकलेली दिसेल.

खाली बादली ठेवलेली आहे.