बारक्याचं कुलूप

कटर खाली ठेव आधी. ठेव म्हणतो ना. कुलूप ज्याचं, तोच काढणार. जेवायला गेलाय ना तो? मग येईल. अर्ध्या तासानं आभाळ कोसळत नाही. बसा इथं केबलच्या रिळावर, आणि कुणीतरी थर्मासमधला चहा ओता.

माझ्या आधी या टोळीवर जे मुकादम होते, त्यांची गोष्ट आहे. आम्ही दोघं बरोबरीचे. त्या रात्री मी तिथंच होतो, तेव्हा काका थापा मारतात असं कुणी म्हणायचं नाही.

गेल्या वर्षीची अकरा नोव्हेंबर, मंगळवार. नऊ नंबरचं स्टेशन पुरं होत आलं होतं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या विजेवरच्या गाड्यांसाठी सहा फास्ट चार्जर, हायवेच्या कडेला, आजूबाजूला चिटपाखरू नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उद्घाटन. पार्किंगच्या पट्ट्या मारताना पांढरा रंग संपला, म्हणून मुकादम स्वतः गाडी घेऊन निघाले. दुकान बंद. दुकानदाराला घरून उठवलं, डबा घेतला, आणि परत आले तेव्हा पावणेबारा वाजले होते. तोवर आम्ही चौघं वायरमन काम आटपून, आपापली कुलपं काढून टेम्पोत आडवे झालो होतो. मी तर घोरत होतो म्हणे. हसा.

मुकादमांना फक्त मेन स्विच टाकून चाचणी घ्यायची होती. गेले. टॉर्च मारला. स्विचला कुलूप.

तू काय म्हणालास मघाशी, "एवढ्याशा कुलपाचं काय घेऊन बसलात"? केबलला हात लावण्याआधी प्रत्येक जण मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. पाच माणसं चरात उतरली तर पाच कुलपं. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे. वीज सोडायची नाही. बस, एवढंच काय ते त्याचं काम.

मुकादमांना वाटलं, आमच्यातलाच कुणीतरी विसरला. त्यांनी एक शिवी हासडली आणि टॉर्च जवळ नेला. पितळी कुलूप होतं. खालच्या कडेला लाल ठिपका. नेलपॉलिशचा.

ते बारक्याचं कुलूप होतं.

बारक्या म्हणजे मुकादमांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आमच्याच टोळीत केबल जोडायचा. हात सोन्याचा, पण वस्तू हरवण्यात पहिला नंबर. पक्कड हरव, टोपी हरव, एकदा तर डबा घेऊन आला आणि चपला घरी विसरला. म्हणून वहिनींनी, म्हणजे त्याच्या बहिणीनं, त्याच्या कुलपाला स्वतःच्या हातानं तो ठिपका दिला होता. "निदान हे तरी ओळखून घरी आण बाबा."

आणि बारक्याला जाऊन आठ महिने झाले होते.

चार नंबरच्या स्टेशनला गेला तो. चरात बसून केबल जोडत होता आणि वीज आली. चौकशी झाली. मेन स्विचला कुलूप सापडलं नाही. अहवालात लिहिलं, कामगार कुलूप लावायला विसरला. कुणालाही पटण्यासारखंच होतं ते. खाली चार सह्या, त्यातली एक माझी.

त्यानंतर मुकादम रडले नाहीत, दारूला लागले नाहीत, काही नाही. कामावर यायचे. डबा उघडून समोर ठेवला की जेवायचे, नाही ठेवला तर तसेच बसून राहायचे. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "काही वाटतच नाही रे. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल होतो ना, तसं झालंय सगळं." वहिनींचंही तेच. बारक्याच्या कपड्यांबरोबर त्याची किल्ली परत मिळाली होती, ती त्यांनी आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवली. रोज केस विंचरताना तिच्याकडे बघून म्हणायच्या, "कितीदा सांगितलं होतं गाढवाला." आवाज चढवून नाही. भाजी संपली असं सांगावं, तसं.

"काका, पण भूत कुठंय यात?"

गप रे. ऐकायचं तर ऐक.

मुकादमांनी कटर आणला. कुलपाच्या कडीवर लावला. खिशात हेड ऑफिसचा फोन वाजत होता. चाचणी झाली का, झाली का…

तेवढ्यात चरातून आवाज आला. पलीकडच्या टोकाकडून.

चर्रर्र…

टेप ओढल्याचा. जोड बांधताना आपण ओढतो, तो.

मुकादमांनी टेम्पोत डोकावून डोकी मोजली. चार. चौघंही झोपलेले.

चर्रर्र…

ते चराच्या कडेनं चालत गेले. ऐंशी पावलं. हा आकडा त्यांनी मला दोनदा सांगितला. टोकाला जाऊन टॉर्च आत मारला. केबल. माती. कुणी नाही.

परत आले. ऐंशी पावलं.

चर्रर्र…

"कोण आहे?" मुकादम ओरडले. "बारक्या?"

आवाज थांबला. कुलूप तिथंच.

आता अहवालात नव्हतं ते सांगतो. चार नंबरला बारक्यानं कुलूप लावलं होतं. मुकादमांनी ते कापलं. तिथंही दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं, फोनवर साहेब ओरडत होते, बारक्याचा फोन लागत नव्हता. कुलूप काढायला विसरून जेवायला गेला असेल, असं त्यांनी धरलं. चालत जाऊन बघितलं नाही. कापलं आणि स्विच टाकला. मग किंचाळी ऐकली. आम्ही धावत येईपर्यंत त्यांनी कापलेलं कुलूप शेवटच्या चार्जिंग यंत्राच्या चबुतऱ्यात टाकलं होतं. ते यंत्र मागाहून बसायचं होतं, काँक्रीट थोड्याच वेळापूर्वी ओतलेलं. आत गेलं.

मी ते टाकताना पाहिलं नाही. पण त्याच संध्याकाळी, वीज सोडण्याआधी, स्विचवर लाल ठिपका पाहिला होता, या डोळ्यांनी. तरी सही केली. नोकरीची भीती होती, असं म्हणायचं. खरं सांगू? मलाही काही वाटलं नाही तेव्हा.

नऊ नंबरला मुकादम कटर धरून किती वेळ उभे राहिले, कुणास ठाऊक. कापून टाकता आलं असतं. एकदा कापलंच होतं. नाहीतर किल्लीनं उघडायचं. किल्ली आरशाशेजारी. आणि ती मागायची म्हणजे वहिनींना सांगावं लागणार, की कुलूप होतं.

सव्वा वाजता त्यांनी मला हलवून उठवलं. "कटर तुझ्याजवळ ठेव. कुणाला हात लावू देऊ नकोस. मी घरी जाऊन येतो."

आले तेव्हा तीन वीस झाले होते. बरोबर वहिनी. अंगावर घरातला गाऊन, पायांत दोन जोडांच्या चपला. कुणाकडे बघितलं नाही. सरळ स्विचकडे गेल्या. मी टॉर्च धरला.

त्यांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला. किल्ली घातली. फिरवली.

उघडलं…

किल्ली बाहेर काढली तशी भोकातून राखाडी भुकटी त्यांच्या तळहातावर सांडली. सिमेंट.

"लावलं होतं त्यानं," वहिनी म्हणाल्या. "लावलं होतं. आणि मी आठ महिने त्यालाच…"

मुकादम तिथंच मातीत बसले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुलूप मुठीत धरून मला म्हणाल्या, "भावजी, मला आईकडे सोडा. तीही त्यालाच दोष देत बसलीय. तिला दाखवते."

सोडलं मी त्यांना. उजाडल्यावर मुकादम स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात गेले, मागोमाग मीही जाऊन माझा जबाब बदलला. नऊ नंबर त्या दिवशी सुरू झालं नाही. आभाळ कोसळलं नाही.

एवढंच असतं, तर मीही म्हटलं असतं, दुसरं कुलूप असेल, तसलंच. कारण वहिनींनी नेलं ते अख्खं होतं, कडीला ओरखडा नव्हता. म्हणून पुढच्या आठवड्यात मी चार नंबरला गेलो.

उद्या जाताना थांबू तिथं. शेवटच्या यंत्राचा चबुतरा, डावा कोपरा. काँक्रीट घट्ट आहे, छिन्नीची एक खूण नाही. फक्त एक खळगी आहे, कुलपाएवढी, आतून रिकामी. बोट घालून बघा. कडी जिथं कापली होती, ते टोकसुद्धा उमटलंय, बोटाला लागतं. आणि तळाशी, काँक्रीटवर, लाल ठिपका आहे.