मानोलीचे तीन ठोके

रविवार, दुपारचे अडीच. मी विजेच्या बोर्डासमोर उभी होते. एसीची वीज बंद होती. आणि बाहेरून भिंतीवर तीन ठोके पडले.

टक टक… टक.

दोन पटकन. एक थांबून.

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या घरात, माझ्या कानांनी ऐकलंय. पोलिसांनाही हेच सांगितलं. त्यांनी बाकी सगळं लिहून घेतलं. ठोके लिहिले नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातलं नाइटक्लिफ. ऑक्टोबर महिना. पाऊस येतो येतो म्हणतो आणि येत नाही, ते दिवस. या दिवसांत माणसं उगाच भांडतात, रडतात, नोकऱ्या सोडतात. तेव्हाच झाडांवर आंबे पिकतात, म्हणून इथे याला आंब्याचं वेड म्हणतात.

आमचा एसी चालू होता, पण वास मारत होता. ओल्या कुत्र्यासारखा.

"माणूस बोलावू या," मी म्हटलं.

"माणूस कशाला?" गार्थ म्हणाला. गार्थ माझा नवरा. "सफाईचा फेस मारायचा, पाणी मारायचं, झालं. आत एखादी पाल मेली असेल."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"फोनवर बघितलंय सगळं. आणि ग्लेनिसबाई, पावसाच्या तोंडावर कुठला मेकॅनिक रिकामा असतो? नाताळात येईल तो."

"मी विचारून तर बघते."

"नको म्हटलं ना! या घरात परका माणूस नको मला."

हे तो जरा जोरात बोलला. मी उकाड्यावर ढकललं.

आधी दरवर्षी मानोली यायचा. गार्थचा जिवलग मित्र. ग्रीक कुटुंबातला, एसीचा मेकॅनिक. दोघं एकाच बोटीतून मासे धरायला जात. आमच्या एसीच्या घराबाहेरच्या यंत्राजवळचा स्विच खाऱ्या हवेनं गंजून अडकला होता, बंदच होत नव्हता. म्हणून मानोलीची एक पद्धत होती. एकानं घरात बोर्डापाशी थांबायचं, वीज बंद करायची. बाहेर त्याचं काम झालं, हात बाहेर आले, की तो पान्यानं भिंतीवर ठोके द्यायचा. दोन पटकन, एक थांबून. मगच बटण वर.

"हाक मारली तर काय होईल?" मी एकदा विचारलं होतं.

"हाक कुणीही मारतं, बाई. शेजारीण मारते, टीव्ही मारतो. हे ठोके फक्त माझे."

गेल्या ऑक्टोबरमध्ये तो आमच्याच भिंतीपाशी मेला. विजेचा धक्का बसून.

मी नर्स आहे. रात्रपाळी करून मागच्या खोलीत झोपले होते. गार्थनं मला हलवून उठवलं. "मी दुकानातून आत्ता येतोय… मानोली बाहेर कोसळलाय." मी धावले. छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. अंग गार होत चाललं होतं.

चौकशीत ठरलं की तो एकटाच काम करत होता. बोर्ड बंद करायला विसरला. मीही जबाब दिला की गार्थ दुकानात होता, घरात मी एकटीच होते. मला तसंच माहीत होतं.

मानोलीची बायको इरिनी तेव्हा एवढंच म्हणाली, "तो विसरणारा नव्हता." गावात लोक म्हणत राहिले, एवढा जुना मेकॅनिक आणि घाई नडली. त्याच्या मेकॅनिक मुलाच्या हाती काम द्यायलाही लोक कचरू लागले. बापासारखाच असेल म्हणून.

गार्थनं मानोलीच्या शवपेटीला खांदा दिला. वर्षश्राद्धाला इरिनीनं ग्रीक रीतीप्रमाणे सगळ्यांना दिलेले, साखर घातलेले उकडलेले गहू त्यानं दोनदा मागून खाल्ले.

तर तो रविवार.

गार्थ बाहेर यंत्राचं झाकण काढून बसला. मी आत, बोर्डापाशी.

"मी हाक मारीन," तो जाताना म्हणाला. "ठोके-बिके काही नाही. कळलं?"

मी बटण खाली केलं. बाहेर पाण्याचा आवाज सुरू झाला. गार्थचा रेडिओ चालू होता, क्रिकेट लागलं होतं. शेजारचं कुत्रं भुंकत होतं.

मग कुत्रं थांबलं.

मग रेडिओ थांबला… मध्येच, वाक्य अर्धं सोडून.

पाणीही थांबलं.

झोपायच्या खोलीतल्या एसीनं 'पीं' असा आवाज केला. रिमोट दाबल्यावर करतो तसा. रिमोट माझ्यासमोर टेबलावर होता. आणि वीज बंद होती.

मी बटणाकडे पाहिलं. खालीच होतं.

टक टक… टक.

माझा हात आपोआप वर गेला. इतक्या वर्षांची सवय. बोट बटणाला लागलं.

पण पान्याचा ठोका गार्थ कशाला देईल?

"गार्थ!" मी ओरडले. "तू ठोकलंस?"

"काय?"

"भिंतीवर! तीन ठोके!"

बाहेर काहीतरी दगडावर पडलं. मग त्याचा आवाज आला, पातळ, लहान मुलासारखा.

"हात लावू नकोस! ग्लेन, हात लावू नकोस! त्या दिवशीही तीनच ठोके पडले होते!"

मी हात खाली घेतला.

तो आत आला. कोपरापर्यंत फेस होता. माझ्याकडे बघेना.

"कुठल्या दिवशी?" मी विचारलं.

"काही नाही."

"तू दुकानात होतास."

"ग्लेन…"

"तू दुकानात होतास ना, गार्थ?"

तो जमिनीवर बसला. "मी बोर्डापाशी होतो. मला तीन ऐकू आले. आईची शपथ. दोन पटकन, एक थांबून. मी बटण वर केलं. मग बाहेर तो… त्यानं आवाजसुद्धा नाही केला."

"आणि मग?"

"बघितलं. हलत नव्हता. मग मी दुकानात गेलो."

मला समजायला वेळ लागला.

"मी मागच्या खोलीत होते," मी म्हटलं. "मी नर्स आहे. तू मला उठवलं नाहीस?"

"घाबरलो गं."

"तो तिथे पडला होता, आणि तू मला झोपू दिलंस?"

"मेलाच होता तो."

"ते तू ठरवलंस?"

बाहेर रेडिओ पुन्हा सुरू झाला. सोडलेल्या वाक्याच्या पुढच्या शब्दापासून.

मी बाहेर जाऊन भिंत पाहिली. गार्थ बसला होता ती बाजू भिजली होती. ठोके पडले ती बाजू कोरडी होती. खाली जास्वंदीचा वाळलेला पाचोळा. त्यावर कुणाचा पाय पडला असता तर चुरा झाला असता. चुरा नव्हता.

एक गोष्ट मला अजून छळते. मानोलीचे हात त्या दिवशी यंत्रात होते. मग गार्थनं ऐकलेले ठोके कुणाचे? की गार्थ तेव्हाही खोटं बोलत होता? यंदा ठोके देणारा मानोली होता, की त्या दिवशी मानोलीचे ठोके वाजवणारं दुसरंच कुणी होतं?

दुसऱ्या दिवशी मी इरिनीकडे गेले. उंबऱ्यातच सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे तो विसरला नव्हता."

"नाही."

"माझ्या पोराला हे आधी कळायला हवं होतं." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि तू घरातच होतीस."

"झोपले होते गं."

"हो. तू तसंच म्हणाली होतीस."

तिनं मला आत बोलावलं नाही.

मग मी पोलिसांकडे गेले. गार्थनं त्यांना सांगितलं, बायकोला आंब्याचं वेड लागलंय, झोप होत नाही तिची. तोंडभर हसून सांगितलं असणार, मला माहीत आहे ते हसू. त्याच संध्याकाळी तो कपडे घेऊन भावाकडे गेला.

एसी उघडाच पडला होता. मी एक मेकॅनिक बोलावला. अनोळखी, कसलीही माहिती नसलेला. तो बाहेर काम करत होता, मी स्वयंपाकघरात होते. थोड्या वेळानं त्यानं दारातून डोकं घातलं.

"मॅडम, भिंतीवर आतून तुम्ही ठोकताय का? काही हवंय का?"

"मी इथे आहे," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या मागच्या खोलीकडे. झाकण बसवलं आणि निघून गेला. पुन्हा फोन केला तर उचलत नाही. मी आता मैत्रिणीकडे राहते.

काल पोलिसांचा फोन आला. गार्थनं आपला जबाब बदललाय. तो म्हणतो, ठोक्यांची गोष्ट मी रचली. तो म्हणतो, वीज चालू करणारा हात त्याचा स्वतःचा नव्हता. तो खरंच दुकानात होता, आणि बोर्डापाशी मी होते. इतके दिवस तो फक्त मला वाचवत होता.

"घरात मी एकटीच होते, हे तुमच्याच जबाबात आहे," फोनवरचा अधिकारी म्हणाला. आवाज शांत होता.

गुरुवारी सकाळी मला बोलावलंय. इरिनीचाही जबाब पुन्हा घेतलाय. तिनं काय सांगितलं, ते मला कुणी सांगत नाही.