अगस्तीला सांगितलेलं गाऱ्हाणं

दिवेलागणीला नावाडीण होडी सोडायला उतरली. होडी रोजचीच, पण वल्ही आज तिच्या हातात. नवरा परवा ह्याच तळ्यात बुडालेला. होडी सापडली, तो नाही; पाणबुड्यांनीसुद्धा हात टेकले होते.

"वहिनी, उद्या बघू की," दीर म्हणाला.

"भावजी, भ्या वाटतंय? मग काठावर बसा. माझ्या चपला राखा."

दीर होडीत चढला.

नावाडी लोक पाण्यावरची जागा रेघेनं धरतात. होडी उलटली तेव्हा तिनं काठावरूनच रेघ धरून ठेवली होती: पुढ्यात होडी, मागं कारखान्याचं धुराडं, धुराड्याच्या टोकावर अगस्तीचा तारा. आजही तो तिथंच लुकलुकत होता. तिनं रेघ सोडली नाही.

मध्यावर गेल्यावर तिनं वल्ही आत घेतली आणि ताऱ्याकडे मान वर केली.

"काय हो बाबा, अख्खा समुद्र प्यालात म्हणे. मग एवढं तळं काय जड आहे? प्या. माझा माणूस मला पाहिजे."

"वहिनी, थट्टा नको..."

"थट्टा कोण करतंय?"

वारा पडला. चिखलाचा कुबट वास आला. मग खालून आवाज... घट्... घट्... कुणीतरी मोठ्ठे घोट घेत होतं. होडी खाली, खाली गेली आणि बुड चिखलात रुतलं.

समोर नवरा पडला होता. केस कोरडे, सदरा कोरडा. छाती हलत होती!

दोघांनी उचलून घरी आणला. दीर हसत होता, रडत होता. तेवढ्यात नवऱ्यानं डोळे उघडले.

"पाणी."

तांब्या दिला, रिकामा. कळशी दिली, रिकामी. रांजण तोंडाला लावला, तोही खडखडीत. नळ नुसता फुसफुसला.

"पाणी."

दीर भिंतीला टेकला. "वहिनी... अगस्ती समुद्र प्याला खरा, पण परत दिला नव्हता हो त्यानं. जिरवला होता..."

"गप बसा. माझाच आहे हा. पाजीन मी ह्याला, कुठूनही आणीन."

तिनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. इतका वेळ दाबून धरलेलं रडू आता आलं. डोळे चुरचुरले, हुंदका फुटला, पण गालावर काही उतरलं नाही.

नवऱ्यानं मात्र मिटल्या तोंडानं एक घोट गिळला.