खिडकीच्या पट्टीवरचे चंद्र

“स्वयंपाकघर हवं तसं बदल प्रेमा, पण खिडकीच्या खालच्या पट्टीला कुणाला हात लावू देऊ नकोस.”

आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी रोज पूजेला बसलं की प्रेमाला तिचा हा आवाज ऐकू येई. मुलुंड पूर्वेला त्यांचं जुनं बैठं घर. ओट्यापुढची खिडकी थेट मिठागरांकडे उघडणारी. दर संकष्टीला आई ओट्यापाशी ठरल्या जागी उभी राही आणि चंद्र जिथून वर येई, नेमका तिथे पट्टीवर कुंकवाचा ठिपका लावी. बारा महिन्यांचे बारा ठिपके.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर बाबांनी ओट्यामागे टाइल्स लावायचं एकदाचं मनावर घेतलं. त्या बघायला प्रेमा घाटकोपरच्या दुकानात गेली, तर शेजारी उभा असलेला एक तरुण आपणहून म्हणाला, “ती निळी घेऊ नका. इथे ट्यूबलाइटखाली छान दिसते. घरी नेलीत की दवाखाना वाटेल.”

तो शिवदास. विक्रोळीचा, घरांच्या डागडुजीची कामं करणारा. बाबांनी काम त्यालाच दिलं.

चार नमुने घेऊन तो आला. सकाळच्या उन्हात एकेक भिंतीला टेकवून दाखवू लागला. पांढरी तिला आवडली होती.

“हिच्यावर हळदीचे डाग दिसतील.”

“दिसले की पुसेन.”

“मग ही चंदनी बघा. हिच्यापुढे काहीही शोभतं... उभं राहिलेलं माणूससुद्धा.”

प्रेमा एकदम डबे आवरू लागली. खिडकीला काय लावणार, असं तिने डब्यांनाच विचारलं. त्याने हिरवा ऑइलपेंट सुचवला, तिने नुसतं अळशीचं तेल सांगितलं. चंदनी टाइल ठरली. आणि जे सांगायचं होतं, ते तेवढं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ती गणपतीच्या देवळातून आली, तेव्हा चौकट नव्यासारखी गुळगुळीत झाली होती.

“खाली कसले तरी लाल डाग होते,” तो खुशीत सांगत होता. “घासून साफ केले.”

ती रागावली नाही, ओरडली नाही. नुसती पाटावर बसली. त्याने तीनदा विचारल्यावर कुठे तिने सगळं सांगितलं, आणि शेवटी हळूच म्हणाली, “चूक माझी. बोलायचं ते मी विसरले.”

का विसरली, ते दोघांनाही ठाऊक होतं. शिवदास कितीतरी वेळ त्या कोऱ्या लाकडावरून बोट फिरवत राहिला.

“मी घालवलेत, मीच भरून देईन,” तो म्हणाला. “दर संकष्टीला येईन. तुम्ही चंद्र दाखवा, मी जागा धरतो.”

कार्तिकातल्या संकष्टीला तो खरंच आला. ती आईच्या जागी उभी राहिली, त्याने पट्टीवर बोट ठेवलं, आणि बोट उचललं तिथे तिने ठिपका लावला. बाबांनी पानं वाढायला सांगितली. मार्गशीर्षात तो मोदक खाऊन गेला. माघात कळलं की तोही दिवसभर उपाशी असतो. कधीपासून, तिने विचारलं, तर म्हणाला, “तू एकटीच उपाशी राहतेस, ते बरं वाटेना.” तुम्हीचं तू कधी झालं, कुणाच्याच लक्षात आलं नाही.

वैशाखापर्यंत सात ठिपके झाले. ज्येष्ठात मात्र आभाळ गच्च भरलेलं. पंचांगातली वेळ टळून गेली, चंद्र काही दिसेना.

“आता?” शिवदासने विचारलं.

“पंचांगात वेळ असते, जागा नसते. पावसाळ्यातले ठिपके असेच लागतात. एखाद्या वर्षी आभाळ उघडलं तर.” ती पट्टीकडे बघत राहिली. “आईला बारा लावायला सात वर्षं लागली.”

“सात वर्षं मी पाहुणा म्हणूनच यायचं?”

प्रेमाने कुंकवाचा करंडा मिटला.

“पाहुणा नको...” ती इतकं हळू बोलली की त्याला वाकून ऐकावं लागलं.

“बाबांना मी विचारतो.”

“नको, मी सांगेन. उद्या सकाळी, चहाबरोबर. या वेळी विसरणार नाही.”

सकाळी तिने पूजा केली, गणपतीला दूर्वा वाहिल्या. चंदनी टाइल्सवर ऊन नव्हतं, तरी स्वयंपाकघर उजळलेलं वाटत होतं. पट्टीवरच्या सात ठिपक्यांना आणि पुढच्या मोकळ्या जागेला तिने हात जोडले. मग चहाचा कप उचलला आणि तो हिंदकळू न देता ती व्हरांड्याकडे निघाली, जिथे बाबा पेपर वाचत बसले होते.