आठ दिवसांची सावड

धर्माचा काळूराम, काळूरामाचा ज्ञानेश्वर आणि ज्ञानेश्वराचा साईनाथ. मुरबाडकडच्या त्या घराची ओळख याच क्रमाने करून दिली पाहिजे. कारण साईनाथाच्या वारशात भाताच्या दोन खाचरांबरोबर एक देणेही आले होते. पणजोबा धर्माचे घर ऐन वैशाखात जळाले, तेव्हा सापगावचा चंदर नावाचा शेतकरी न बोलावता आला आणि आठ दिवस राबून त्याने छप्पर उभे करून दिले. अशा कामाला मजुरी देत नाहीत. दिवसाला दिवस परत करायचा; त्यालाच सावड म्हणतात. पण त्याच पावसाळ्यात धर्मा तापाने गेला. काळूराम तेव्हा रांगत होता. मोठा होऊन तो सापगावला गेला, तर चंदर कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर निघून गेलेला, घराला कुलूप. पुढे शोध राहून गेला. ‘सापगावच्या चंदरचे आठ दिवस’ एवढे शब्द मात्र बापाकडून लेकाकडे येत राहिले.

साईनाथ सेंट्रिंगचा, म्हणजे काँक्रीटखालच्या फळ्या-टेकू बांधणारा मिस्त्री झाला, आणि पुलाच्या कामाने त्याला सापगावजवळच आणले.

तेथे पत्र्याच्या कंटेनरमध्ये साइट ऑफिस होते, आणि त्या ऑफिसात नम्रताचे राज्य. पद प्रशासकीय सहायकाचे. पण मजुरांचे हजेरीपत्रक, सिमेंटची चलाने, विम्याचे फॉर्म, इंजिनिअरसाहेबांची पत्रे, यांतले तिच्या नजरेखालून गेले नाही असे काहीच नसे.

परतीच्या पावसाची एक सर चुकवायला साईनाथ त्या दारात शिरला. तोल सावरायला त्याने टेबलावर हात टेकला—

“हात उचला!”

त्याने उचलला. बावीस नावांच्या ओल्या शाईवर पाच बोटे स्पष्ट उमटली होती.

“आत्ता लिवलं होतं,” ती म्हणाली. “कोण लिवणार परत?”

“ज्यानं पुसलं त्यानं. द्या पेन, मॅडम.”

“अक्षर बरं आहे का तुमचं?”

“फळीवर मापं लिवतो. अजून एक पूल वाकडा आला नाय.”

तो स्टुलावर बसला आणि बावीस नावे मान खाली घालून उतरवू लागला. केसांतले थेंब मानेवरून कॉलरमध्ये उतरत होते. नम्रताने चलाने मोजायला घेतली… दोनदा मोजली, दोन्ही वेळा आकडा निराळा आला. तेविसावे नाव त्याचे स्वतःचे. त्यापुढे त्याने पूर्ण दिवस मांडला, तेव्हा तिने पेन काढून घेतले.

“साडेदहाला आलात. अर्धा दिवस.”

“पाऊस होता गो—” त्याने जीभ चावली. “मॅडम.”

“पाऊस सगळ्यांनाच होता.”

त्या दिवसापासून साईनाथाला रोज ऑफिसात काम निघू लागले. कधी पेन्सिल हवी, कधी टेप. एकदा तर तो नुसता घड्याळ बघायला आला. मनगटावर स्वतःचे घड्याळ असताना.

“बंद आहे का ते?” तिने विचारले.

“चालू आहे. पण तुमच्याकडचा टाइम बरा वाटतो.”

तिने हसू रजिस्टरमध्ये दडवले. मग तो थोडा गंभीर झाला. “तुमी सापगावच्या ना? जुना कोण चंदर ठाऊक आहे? डाव्या हाताला सहा बोटं होती म्हणतात.” आणि त्याने आठ दिवसांची सगळी हकीकत सांगितली.

नम्रताचा हात कागदावरच थांबला. म्हातारपणी रेल्वेतून गावी परतलेला सहा बोटांचा चंदर तिचा पणजोबा. एका वाक्यात ती सांगू शकली असती. पण देणे फेडायला आलेला माणूस दिवस मोजतो, आणि दिवस पुरे झाले की वाटेला लागतो. नवव्या दिवशी हा आला नाही तर…?

“विचारून सांगते,” ती म्हणाली, आणि कोरेच पान उलटले.

पुलाचा स्लॅब ओतून झाला. तो पक्का होईपर्यंत चौदा दिवस सेंट्रिंगला हात लावायचा नव्हता. मिस्त्री मोकळे झाले. नेमके तेव्हाच नम्रताची आई, रंभाबाई, बांधावरून घसरली आणि तिचा मनगटाचा सांधा सुजला. घरात दोघीच. गरवे, उशिरा तयार होणारे भात पिकून उभे, मजूर सगळे कंपन्यांच्या कामावर गेलेले, आणि माहुलीच्या डोंगरावर रोज काळे आभाळ. भिजले तर लोंब्यांना उभ्याउभ्या कोंब फुटतील. वर्षाचे भात मातीत जाईल. नम्रताने आठ दिवसांची रजा मागितली. साहेबांनी दोन दिली.

साईनाथाला हाक मारण्याचा हक्क तिच्या ओठांवर होता. तिने तो गिळला. हक्काने बोलावलेला तिला नको होता.

तिचा तो अर्ज टेबलावर उघडा होता. पेन्सिल मागायला आलेल्या साईनाथाने तो वाचला आणि पेन्सिल न घेताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडता ती विळा घेऊन शेतावर पोचली, तर एक पट्टा आधीच कापून झालेला.

“तुमी इथं?”

“आमचं हळवं भात कधीच घरात गेलं. हात रिकामे राहिले की बिघडतात, मॅडम.”

“आमी मजुरी किती द्यायची?”

“भाकरी. आणि ‘ते मॅडम बंद करा’ म्हणा मला.”

रंभाबाई बांधावरून ओरडली, “सेंट्रिंगवाल्या, बोलायला आलास का कापायला?”

“दोन्ही जमतं मावशी!”

दोन दिवस दोघांनी मिळून कापले. पुढे नम्रता ऑफिसला जाई, तो शेतावर राबे. सहाव्या दुपारी आभाळ उतरून आले, तेव्हा तिने साइटवरच्या जुन्या ताडपत्रीसाठी रीतसर अर्ज लिहिला, साहेबांची सही घेतली, स्वतःच्या हाताने गेटपास फाडला आणि रिक्षातून ताडपत्री आणली. दोघांनी तिची टोके ताणून धरली. खाली भारे, वर धो धो पाऊस, आणि मध्ये दोघांचे ओले, हसरे चेहरे. एक लोंबीही भिजली नाही.

आठवा दिवस उजाडला. साईनाथ पुलाचे टेकू तपासून आला, म्हणून त्याला उशीर झाला. संध्याकाळी झोडणी संपली, खळ्यात भाताची सोनेरी रास पडली. रंभाबाईने राशीला हात जोडले, आणि मग त्याच्याकडे वळून तसेच जोडलेले ठेवले. तिचे डोळे भरून आले होते. ती चुलीकडे गेली, तेव्हा नम्रता म्हणाली,

“सहा बोटांचा चंदर… माझा पणजोबा.”

त्याने हातातले सूप खाली ठेवले. “आणि तू सांगितलं नाय?”

“सांगितलं असतं, तर तुमी पणज्याचं देणं फेडायला आला असता. मला बघायचं होतं… तुमी कुणासाठी येता ते.”

“बघितलंस?”

“आठ दिवस.” तिने राशीकडे पाहिले. “आमचं वर्ष राखलंत तुमी. देणं आमचंच हे ठाऊक नसताना.”

साईनाथाने राशीतले ओंजळभर भात उचलले आणि हळूच परत सोडले. “माझा बाप रडेल गो आज आनंदानं. पण ऐक, आज मी उशिरा आलो. अर्धा दिवस मांड. अर्धा बाकी राहू दे, म्हणजे परत यायला कारण राहील.”

“नाय.” हजेरीपत्रक समोर असावे तसा तिचा स्वर झाला. “आज पूर्ण दिवस. देणं अंगावर असलेल्याला माझी आई आपली लेक द्यायची नाय.”

त्याला ते उमगायला एक क्षण लागला. मग तो खळ्यातच वाकला, चंदरच्या जमिनीला त्याने कपाळ टेकवले आणि चुलीच्या दिशेने हाक दिली, “मावशी, धर्माचे आठही दिवस फिटले!”