न घेतलेला दुसरा डोस

सरकारी दवाखाना बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती, तेव्हा ती लंगडत आत आली. एक चप्पल पायात, दुसरी हातात.

"केसपेपर काढलाय का?" आतल्या खोलीतून आवाज आला.

"आधी पाय बघा. कागद काय, पळून जात नाही."

आवाजाचा मालक दारात आला. पांढरा कोट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, कपाळावर आठी. इंजेक्शनं, ड्रेसिंग, टाके काढणं, सगळं त्याच्याकडे. दवाखान्यात लहानथोर त्याला ब्रदर म्हणत. तिच्याही ओठांवर तो शब्द आला होता... पण त्याच्या डोळ्यांकडे पाहिल्यावर तिने तो गिळला. का, ते तिचं तिला नंतर कळलं.

ती खुर्चीवाली. तीन गल्ल्या पलीकडे तिच्या वडिलांचं जुनं फर्निचर दुरुस्त करायचं दुकान होतं आणि चार वर्षांपासून निम्मं काम तीच बघायची. काल एका जुन्या कोचाचं अस्तर उचकटताना खाली धुळीत पडलेला खिळा चपलेतून आरपार टाचेत घुसला. वडील म्हणाले, धुऊन टाक, आपल्या धंद्यात हे चालायचंच. आत्या म्हणाली, मुकाट्याने इंजेक्शन घेऊन ये. आणि त्या घरात आत्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

डॉक्टरबाईंनी पाय पाहिला, कागदावर चार ओळी लिहिल्या आणि पर्स उचलून घरी गेल्या. पुढचं सगळं त्याच्यावर.

"काल लागलं, मग कालच का नाही आलात?" जखम धुता धुता त्याने विचारलं.

"कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले होते ना. बाहेरची पाटी वाचली आणि परत फिरले."

"कसली पाटी?"

"फीची. तपासायचे वेगळे, पट्टीचे वेगळे, सुई टोचायचे वेगळे. म्हटलं, एवढ्यात माझ्या एका खुर्चीला नवा वेत विणून होईल."

तो हसला नाही, पण आठी तेवढी गेली. "औषध स्वस्त असतं हो. महाग असतं ते त्याच्या आजूबाजूचं. पण म्हणून थांबायचं नसतं. धनुर्वाताची सुई जितकी लवकर घ्याल तितकी बरी. इथे तर फुकटच आहे."

"फुकट? मग नक्की काहीतरी गोम असणार."

"आहे की. दोन दिवस दंड दुखेल. तीच किंमत."

तिला हसू आलं. मग पाय झोंबला आणि हसू अर्ध्यावर राहिलं.

"खिळा चांगला गंजलेला होता, तेही लिहा तिथे."

"गंजाला लोकांनी उगाच बदनाम केलंय. जंतू असतात मातीत, धुळीत. नवाकोरा चकचकीत खिळासुद्धा घाणीत पडलेला असला आणि खोल घुसला, की धोका तोच."

"अगं बाई! आणि मी कालपासून त्या गंजाला शिव्या घालतेय."

"माफी मागा त्याची," तो गंभीरपणे म्हणाला. "याआधी धनुर्वाताचं कधी घेतलं होतं?"

"शाळेत... बहुतेक. का ते दुसरंच कसलं होतं?"

"कार्ड आहे?"

"आत्याच्या ट्रंकेत असेल. नाहीतर कुठेच नसेल."

त्याने सुस्कारा सोडला. "ऐका. लहानपणचे सगळे डोस पुरे झालेले असले, तर स्वच्छ, साध्या जखमेला दहा वर्षं धरायची. अशी खोल, घाण जखम असली तर पाच. पण झालेत की नाही हेच माहीत नसेल, तर पहिल्यापासून सुरुवात. एक आज, दुसरा चार आठवड्यांनी, तिसरा सहा महिन्यांनी."

"तीनदा यायचं?"

"तीनदा."

कुणाचंही तोंड वाकडं झालं असतं. हिचं झालं नाही. उलट सुई टोचली कधी आणि निघाली कधी, तेही कळलं नाही, कारण ज्या स्टुलावर ती बसली होती ते डुगडुगत होतं आणि तिचं सगळं लक्ष तिकडे गेलं होतं.

"हे कधीपासून असं आहे?"

"काय?"

"स्टूल. एक पाय सुटलाय. शेवटचा कधी तपासला होता?"

"आठवत नाही बुवा."

"मग पहिल्यापासून सुरुवात," ती त्याच्याच सुरात म्हणाली.

आता मात्र तो हसला. अगदी खळखळून. ते हसू घेऊनच ती घरी गेली, आणि दंड दोन दिवस दुखला तेव्हा हात जरा वर केला की तो माणूस आठवायचा.

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला आली ती सरस, स्क्रू आणि एक छोटी लाकडी पाचर पिशवीत टाकून. स्टूल उलटं केलं. पाय धरायला त्याला बसवलं.

"घट्ट धरा."

"धरलाय."

"हात थरथरतोय तुमचा. सुई टोचताना तर नाही थरथरत."

"सुई टोचताना समोरचा माणूस घाबरलेला असतो," तो पायाकडे बघत म्हणाला. "इथे जरा... उलटं आहे."

तिने पाचर बसवली, हातोडीचे तीन ठोके दिले, स्क्रू आवळला. एक ठोका चुकून स्वतःच्याच बोटावर बसला. चार वर्षांत असं झालं नव्हतं.

"आता तीस वर्षं हलायचं नाही," ती उठत म्हणाली.

"तीस वर्षं?" त्याचा चेहरा पडल्यासारखा वाटला. की तिलाच तसं वाटलं?

चार आठवड्यांची तारीख तिने दुकानातल्या फळ्यावर खडूने लिहून ठेवली. रोज सकाळी टेबलाला पॉलिश मारता मारता तिकडे नजर जायची. वडिलांना वाटलं, कुणा गिऱ्हाइकाची असेल.

आणि मग, तारखेला पंधरा दिवस राहिले असताना, आत्याने घात केला.

"सापडलं गं!" पिवळं पडलेलं कार्ड नाचवत ती दुकानात आली. "म्हटलं नव्हतं मी, तुझं सगळं वेळच्या वेळी केलंय म्हणून? हे बघ. लहानपणचे सगळे डोस. सोळाव्या वर्षीचासुद्धा. म्हणजे आठ वर्षं झाली, परवाचं एक लागत होतं ते घेतलंस, बास! आता उगाच टोचून घ्यायला जाऊ नकोस. सुटलीस!"

"हो ना," ती म्हणाली. "सुटले..."

सुई चुकली की लोकांना आनंद होतो. हिला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. कार्ड दाखवलं की संपलं. दुसरा डोस नाही, तिसरा नाही, आणि तीन गल्ल्या ओलांडून त्या खोलीत जायला काही कारण नाही. तिने कार्ड पर्सच्या पार आतल्या कप्प्यात कोंबलं. एखादी सुई जास्तीची घेतली म्हणून काय कुणी मरत नाही, असं मनाला बजावलं. मनाला ते फारसं पटलं नाही.

तारखेला ती केस धुऊन गेली.

बाहेर भुरभुर पाऊस होता. बाकावर एक गवंडी बसला होता, तळहाताला फडकं गुंडाळलेलं. फळीतला खिळा हातात गेला म्हणे. आत तो फ्रीजचं दार उघडून उभा होता आणि कपाळावर ती पहिल्या दिवसाची आठी.

"एकच कुपी उरलीय," तो हळू आवाजात म्हणाला. "माल गुरुवारी येणार. तुमची तारीख आहे म्हणून राखून ठेवली होती. आणि आता हे आले."

"नसलं तर राहू द्या," गवंडी दारातून म्हणाला. "बाहेरच्या डॉक्टरांचं मला नाही परवडत. बघू गुरुवारी."

"यांना द्या," ती पटकन म्हणाली. "माझं काय, मी येईन गुरुवारी."

"डोस दोन दिवस पुढे गेला तर तुम्हाला चालतं तसं. पण..."

"द्या हो."

गवंड्याने हात जोडले. "ताई, उपकार झाले."

"नाही हो, उपकार कसले..."

कुपी हातात घेतलेला तो मात्र तिच्याकडे बघतच राहिला. "लोक इथे रांगेतला नंबर सोडत नाहीत. आणि तुम्ही राखलेली कुपी सोडलीत. खरं सांगू? असं माणूस मी इथे पहिल्यांदा बघतोय."

झालं! हवं ते सगळं मिळालं होतं. गुरुवारची तारीख मिळाली, वर शाबासकीही मिळाली. ती बाहेर पडली, फाटकापर्यंत गेली, छत्री उघडली... आणि पाय पुढे पडेना. फुकटची स्तुती. एक पैसा न देता मिळालेली. तिने छत्री मिटली आणि मागे फिरली.

गवंडी पट्टी बांधून निघून गेला होता. आत तो एकटाच हात धूत होता.

"काही विसरलात?"

तिने कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्याने हात पुसले, वाचलं, उलटून पुन्हा वाचलं.

"म्हणजे दुसरा डोस लागत नाही."

"नाही."

"तिसराही नाही."

"नाही. म्हणून म्हणते, मी काही सोडलं नाही त्या माणसासाठी. मला लागतच नव्हतं. तुम्ही उगाच मला एवढं चांगलं..."

"कार्ड कधी सापडलं?"

"पंधरा दिवस झाले."

"मग फोन करायचात ना दवाखान्यात. हेलपाटा वाचला असता."

तिने मान खाली घातली. मग वर केली. आता लपवण्यासारखं उरलं तरी काय होतं?

"हेलपाटा नको असता, तर केला असता."

खोलीत स्पिरिटचा वास होता आणि नळ थेंब थेंब गळत होता. त्याने टेबलाचा खण ओढला आणि आतून काढून दोन वस्तू तिच्यापुढे ठेवल्या. एक स्क्रू. एक लाकडी पाचर.

तिने झटकन कोपऱ्यात पाहिलं. स्टूल भिंतीला टेकून उभं होतं, त्यावर त्याच्या सुबक अक्षरात कागद: बसू नये.

"मी घट्ट बसवली होती," ती म्हणाली.

"फारच घट्ट. काढायला दोन संध्याकाळी गेल्या माझ्या." त्याचे कान लाल झाले होते. "तीस वर्षं हलणार नाही म्हणालात... तीस वर्षं कसा थांबू मी?"

"शहाणेच आहात! कुणी पडलं असतं म्हणजे?"

"म्हणून तर कागद लावला."

ती हसू लागली. मग तोही. दोघंही चांगली कामाची माणसं, आणि दोघांनीही आपापल्या कामात लबाडी केली होती.

हसणं ओसरल्यावर तिने हातोडीऐवजी त्याचं जाडजूड रजिस्टर घेतलं आणि पाचर परत ठोकून बसवली. त्याने पेन उचललं, कार्डावर महिन्यापूर्वीचा डोस लिहिला आणि पुढच्या रकान्यात तारीख टाकली.

"पुढचं आता दहा वर्षांनी. मधे खोल, घाण जखम झाली तर पाच वर्षांनंतरच विचारायचं."

"दहा वर्षांनी मला कुठलं आठवायला?"

"आठवण करायला घरातलं कुणीतरी लागतं."

"आत्या आहे."

"आत्याशिवाय?"

ती कार्डाकडे बघत राहिली. "ती जागा... रिकामी आहे."

त्याने तारखेखाली आपला फोन नंबर लिहिला. शेवटचा आकडा जरा वाकडा आला. तिने कार्ड घेतलं आणि या वेळी पर्सच्या वरच्याच कप्प्यात ठेवलं.

"रविवारी दुकान बंद असतं," दारात थांबून ती म्हणाली. "आत्या घरीच असते. या."

"काय कारण सांगू त्यांना? स्टूल दुरुस्त झालं. कार्ड तुमच्याकडे."

ती छत्री उघडता उघडता वळली.

"मग नुसतेच या."