अर्धा कप

पांढुर्ण्याच्या फलाटावर एका उंच तरुणाच्या हातून वच्छलेच्या कोऱ्या पातळावर चहा सांडला, आणि तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"डोळे घरी ठेवून आले का जी?"

"डोळे नाही... हात," तो ओशाळला. आणि असा काही हसला, की वच्छला उरलेलं भांडण विसरून गेली.

पंधरवड्यात तोच तिला पाहायला दारात! रामाकोना गावचा गुणवंता मास्तर, सोबत आई शांताबाई. आई आत बायकांत बसली, हा ओसरीवर. वच्छलेने चहा पुढे केला. त्याने उचलला मात्र, कपबशी खुळखुळायला लागली. तिच्या वडिलांचा, केशवरावांचा, चेहरा उतरला. थोरल्या जावयाचे हात असेच कापत. दारूने त्या घराचं वाटोळं केलं होतं.

"दुसरी लेक मी पिणाऱ्याला देत नाही," स्वयंपाकघरात येऊन त्यांनी निकाल देऊन टाकला.

वच्छलेला रडू फुटायचंच बाकी होतं. सुपारीचं तबक घेऊन ती ओसरीवर आली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही घेता का?"

"थेंबही नाही जी. हा मज्जातंतूंचा आजार हाय. काही उचललं की हात कापते. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, याच्यानं जीव जात नाही, पण हा बी जात नाही. घराण्यात चालते... उद्या लेकरांनाही येऊ शकते."

लेकरांपर्यंत गोष्ट गेली तशी दोघंही लाजली.

"घोटभर घेतली की थरथर घडीभर थांबते म्हणे. दोस्त सांगून राहिले होते, पोरगी पाहायला चालला, घेऊन जाय..."

"मंग काहून नाही घेतली?"

"पहिल्याच दिवशी तुम्हाला खोटे हात दाखवू?"

वच्छलेला तो माणूस आवडला. तिथल्या तिथे, पुरता आवडला. ती तडक आत गेली. शांताबाईंनी कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा हिंदकळत होता.

"बाबा," ती वडिलांच्या कानाशी म्हणाली, "त्या माउलीचे हात पाहा. त्याही पितात का?"

केशवरावांनी पाहिलं आणि खजील झाले. मग घसा खाकरून म्हणाले, "पाव्हण्यांचा चहा थंड झाला असंन. दुसरा ने."

वच्छलेने नेला. बशी न घेता, कप अर्धाच भरून. गुणवंताने तो दोन्ही हातांनी धरला. एक थेंब सांडला नाही.

"अर्धाच?" तो म्हणाला.

"बाकीचा रामाकोन्यात देईन," वच्छला म्हणाली आणि आत पळाली.